गुडघा म्हणजे गाडीचा आख नव्हे

पायांचे शास्त्र : लेखांक सहावा

नांदेड-लातूर भागात चाळिशी ओलांडलेली शेतकरी बाई उठताना गुडघा धरू लागली, की घरात आणि गल्लीत एकच निदान होते : गुडघ्यातले वंगण संपले. त्यामागोमाग सल्लाही येतो, आता चालणे कमी करा, जिना टाळा, गुडघा जपून वापरा. या बोलण्यामागे एक चित्र आहे. बैलगाडीचा आख जसा फिरून फिरून झिजतो, तसा गुडघा चालून चालून झिजतो आणि जेवढा कमी वापराल तेवढा जास्त टिकेल, असे ते चित्र. मागच्या दोन लेखांकांत खुबा आणि घोटा पाहिला, आज त्यांच्या मधला सांधा घेऊ. हे चित्र चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत मराठवाड्यातल्या बायका मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके जिथे एकमेकांना टेकतात, तिथे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण सांध्यातल्या पातळ द्रवातून होते आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहण्यासाठी तिच्यावर दाब पडावा लागतो व सुटावाही लागतो. पाऊल टेकले की कूर्चा किंचित दबते, उचलले की फुगून द्रव शोषते. म्हणजे चालणे हेच तिचे जेवण. लोखंडी आखाला बाहेरून वंगण घालावे लागते. गुडघ्याचे वंगण सांध्याच्या आतले अस्तरच तयार करते आणि हालचाल ते सगळीकडे पोचवते. या सांध्याला चालवतो तो मांडीच्या पुढचा चार तोंडांचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. त्याचा दोर गुडघ्याच्या वाटीला धरून खाली नडगीला बांधलेला असतो. मोटेच्या चाकावरून नाडा जावा तसा तो वाटीवरून जातो. वाटी या दोराला सांध्याच्या मध्यापासून दूर धरते, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. मागून मांडीचे स्नायू गुडघा वाकवतात, पोटरी टाच उचलून शरीर पुढे ढकलते, खुब्याच्या बाजूचा स्नायू एका पायावर उभे असताना कंबर कलू देत नाही. यातला एक जरी सुस्तावला, तरी त्याचा भार गुडघ्यावर येतो.

यावर कोणी म्हणेल, दाब पडतो हे तुम्हीच मान्य करता, मग झीज कशी होणार नाही? दाब खरोखरच मोठा आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांत मोजमापाची यंत्रणा बसवून ही गोष्ट पाहिली आणि २०१० साली आकडे प्रसिद्ध केले. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट, उतरताना जवळजवळ ३.५ पट. माहूरगडावर रेणुकामातेचे दर्शन घेऊन परतणारे चढताना फक्त दमतात आणि गुडघा धरतात तो उतरताना, त्याचे कारण इथे आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून ब्रेकचे काम करतो. पण भार आला म्हणजे झीज झाली, हे अनुमान टिकत नाही. तसे असते तर हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा लवकर झिजायला हवे होते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुब्याची किंवा गुडघ्याची संधिवाती झीज हौशी धावकांत ३.५ टक्के आढळली आणि बैठ्यांत १०.२ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हा आक्षेप योग्य आहे, त्यामुळे धावल्यानेच गुडघे वाचले असे मी म्हणणार नाही. स्पर्धेसाठी पराकोटीचे धावणाऱ्यांत तर हे प्रमाण १३.३ टक्के होते. म्हणजे अतिरेकाचा धोका आहेच. पण माफक वापराने सांधा संपतो, या समजुतीला या आकड्यांत आधार सापडत नाही.

खरा जड आक्षेप बीजिंगमधून येतो. तिथल्या साठीपुढच्या लोकांना तरुणपणी, पंचविशीच्या सुमारास, रोज किती वेळ उकिडवे बसत असत हे विचारले गेले आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले गेले. २००४ साली आलेल्या या अभ्यासात रोज तीन तास किंवा अधिक उकिडवे बसणाऱ्यांत झिजेची शक्यता अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होती, बायकांत त्याहूनही थोडी जास्त. आपल्याकडे सोयाबीनची खुरपणी करणारी बाई पात धरून दिवसभर उकिडवीच असते, म्हणून हा अभ्यास बाजूला सारता येत नाही. पण तो नेमके काय सांगतो? चालताना गुडघा फार तर साठ-पासष्ट अंशांत वाकतो. उकिडवे बसल्यावर तो त्याच्या दुपटीहून जास्त वाकतो आणि तसाच राहतो. दाब पडतो, पण सुटत नाही. द्रव आत-बाहेर होत नाही. मांडी पोटरीवर टेकल्याने स्नायूला फारसे काम उरत नाही. खुर्चीत बसण्यापेक्षा थोडे जास्त, चालण्यापेक्षा खूप कमी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते, पायाला मुंग्या येतात, क्वचित पाऊल लुळे पडते. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा विकार इतका दिसला, की पाश्चात्त्य वैद्यकात त्याला त्यांचेच नाव पडले. दोष वाकण्याचा नाही, वाकून तासन्‌तास अडकण्याचा आहे.

यावर व्यायाम सुचवला, की कष्टकरी बाईला तो कशाला, ती तर दिवसभर राबते, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर तिच्या पातीतच आहे. ती सरकत सरकत पुढे जाते, पण पाय पूर्ण सरळ होण्याचे शेवटचे काही अंश, जिथे मांडीचा स्नायू गुडघा घट्ट बांधून धरतो, ते तिच्या कामात येतच नाहीत. राबणे आणि स्नायू सगळ्या पल्ल्यात वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्याच्या झिजेत वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, आणि सांधा सुजला, अडकला किंवा लाल झाला तर डॉक्टरांकडेच जायला हवे. तरी दुखणाऱ्या गुडघ्याला व्यायामाने फरक पडतो, हे केवळ मत राहिलेले नाही. २०१५ साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ५४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायामाने वेदना कमी होतात आणि हालचाल सुधारते असे दिसले.

गुडघ्याची ही चिंता फक्त बायकांच्या वाट्याला का यावी, हाही प्रश्न आहे. कोळपे उभ्याने चालते, ते बहुधा पुरुषाच्या हाती. खुरपे उकिडवे चालते, ते बाईच्या हाती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झाले आहे आणि सायकल कोळप्यासारखी उभ्याने चालणारी अवजारे गावांत दिसतात. ओळीत लावलेल्या सोयाबीनमध्ये दोन ओळींमधले तण ती काढतात. रोपाला चिकटलेले तण मात्र हातानेच काढावे लागते, म्हणून उकिडवे बसणे संपणार नाही. ते तोडता मात्र येते. दर अर्ध्या तासाला उठून उभे राहावे, गुडघा पूर्ण ताणून मांडी कडक करावी, टाचा दहा-पंधरा वेळा उचलाव्यात, दहा पावले चालावे. यात दोन मिनिटे जातात. गुत्त्यावर काम असेल तर एकटी उठलेली बाई मागे पडते, आणि मजुरी बुडण्याच्या भीतीने कोणीच उठत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय एकच दिसतो : टोळीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी उठायचे, म्हणजे कोणाचीच पात मागे राहत नाही.