कोमट पाण्यातलं प्रेय

श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, या जोडीबद्दल आपण बोलतोय. आज ती जोडी जरा एका तळ्याकाठी नेऊ या.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लेक अ‍ॅना नावाचा जलाशय आहे. १९७२ साली नॉर्थ अ‍ॅना नदी अडवून तो भरला, तो मुळी अणुवीज केंद्राला गार पाणी मिळावं म्हणूनच. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली बहुतेक पाण्याबरोबर बाहेर पडते. हे तापलेलं पाणी बंधारे घालून वेगळ्या केलेल्या सुमारे ३,४०० एकरांत फिरतं, थोडं निवतं आणि मग तिसऱ्या बंधाऱ्यातून मुख्य तळ्यात येतं.

हिवाळ्यात गळ घेऊन हौशी मंडळी नेमकी तिथेच जमतात. का? मासा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते. कोमट पाण्यात तो हिंडतो, खातो, आणि गळालाही लागतो. लहान मासे उबेला येतात, त्यांच्यामागे बास येतात आणि बासमागे माणसं!

मग बिघडलं कुठे? दोन गोष्टी बघा. उबेला सरावलेल्या माशांचं पाणी ऐन थंडीत केंद्र बंद पडून एकदम गार झालं, तर त्या धक्क्याने ते मरू शकतात. हा धोका अशा कुठल्याही तळ्यात असतो. दुसरं, उन्हाळ्यात वरचं पाणी फार तापतं आणि खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो. या तळ्यात मुद्दाम सोडलेल्या स्ट्राइप्ड बासला गार पाणी लागतं. तो मधल्या अरुंद थरात अडकतो. अशा वेळी त्याला पकडून ‘सोडून दिला की’ असं म्हणणं पुरेसं नाही. दमलेला मासा गरम पाण्यात पुष्कळदा वाचत नाही.

मासा प्रेयाकडे जातो, त्यात त्याचा दोष नाही. ती ऊब कुठून येते, कधी थांबेल, हे त्याला कळायचं साधन नाही. आपल्याला मात्र आहे. म्हणून श्रेयाचा प्रश्न माशाला नव्हे, गळ धरणाऱ्याला विचारायचा. हिवाळ्यात खुशाल जा, हवा तेवढाच मासा घरी न्या. पण भर उन्हाळ्यात स्ट्राइप्ड बासपुरता तरी गळ गुंडाळून ठेवावा, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल, तर आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.