उन्हातून चिखलदऱ्याकडे

जळगाव म्हटलं की लोकांना खानदेशातलं आठवतं. आमचं जळगाव जामोद बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकला, की घरोघरी चिखलदऱ्याचा विषय निघतो. डोंगर उशाला असला, तरी तिथं जायला पायथ्यापायथ्यानं पूर्वेकडे जावं लागतं. वरवट बकाल, अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. थेट गाडीच्या भरवशावर राहू नये. दोनदा उतरायचं, तेव्हा पोरं आणि पिशव्याही दोनदा मोजायच्या!

हा रस्ता कंटाळवाणा म्हणणाऱ्यांना मी १८०३ साल सांगतो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावला आर्थर वेलस्लीनं मराठी फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. गडाच्या उत्तर बाजूला नेण्यासाठी इंग्रजी तोफा माणसांनी डोंगरातून ओढल्या होत्या. घाटात एस.टी.चं इंजिन तापलं, तर हे आठवावं आणि खाली उतरून पाय मोकळे करावेत.

वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, कॅप्टन रॉबिन्सननं इथली थंड हवा हेरली, असं सांगतात. गावाचं नाव मात्र भीमानं मारलेल्या कीचकाशी जोडलेलं. साडेतीन हजार फुटांवरच्या या पठारावर ठिकाणं विखुरलेली आहेत. देवी पॉइंट आणि गाविलगड सकाळी लवकर निघून पायी पाहावेत. गड घाईनं पाहण्यासारखा नाही. भीमकुंड, पंचबोल यांसाठी जीप करावी, पण भाडं बसण्याआधी ठरवावं. पंचबोलला हाक पाच वेळा परत येते म्हणतात. आमच्या पोरांनी सात मोजल्या. कॉफीची झाडं आहेत, ती महाराष्ट्रात इतरत्र सहसा दिसत नाहीत.

मे महिन्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. गोड पाण्याचा हंडा किती लांबून येतो, हे इथल्या बायकांना विचारा. वर पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण ते पाणी उतारावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात मेळघाटातल्या कोरकू गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी आपण लॉजवर दोन-दोन बादल्या आंघोळीला मागायच्या, हे मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. धबधबे वाहते असतात, धुकं विरळ झालेलं असतं, खोलीही पटकन मिळते. दोन रात्री पुरेत. स्वेटर घ्यावेत, कड्यावर पोरांचा हात सोडू नये आणि परतवाड्याला उतरणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, ते पोचल्याबरोबर स्टँडवर विचारून ठेवावं.