अठराव्या शतकातलं लुगडं आणि कांड्या भरणाऱ्या बाया



बचत गटाच्या बैठकीत कपड्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, फॅशन आता आली, आपल्या आज्यांच्या काळी कुठे होती? मला ते पटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी बाई रस्त्यानं चालली की तिच्या अंगावरच्या कापडावरून लोक तिचं घर, तिची ऐपत, तिचा नवरा हयात आहे की नाही, सगळं ओळखत.

तेव्हा आपल्याकडे बाईचा वेश म्हणजे नऊवारी लुगडं आणि समोर गाठ मारायची चोळी. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे सत्तावीस फूट सलग कापड. लुगड्याला शिलाई नाही. कासोटा मारला की शेतात वाका, चिखलात रोवणी करा, घोड्यावर बसा. राजवाड्यातली राणी आणि बांधावरची मजूरीण, नेसण्याची तऱ्हा बरीचशी सारखीच होती. फरक होता तो कापडात. राणीची पैठणी, बनारसचा शालू. मजुरणीचं जाडंभरडं सुती, तेही विरेपर्यंत. आणि विधवा झाली की काठ-पदराचं कापड सुटलं. अनेक घरांत, ब्राह्मणांच्या तर फारच, तिला लाल आलवण किंवा पांढरं नेसावं लागे. अहिल्याबाई होळकरांनी एवढं राज्य चालवलं, पण चित्रांत त्या साध्या पांढऱ्या वस्त्रातच दिसतात.

आता आपल्या नागपूरकडे या. 1702 साली बख्त बुलंद शहानं वसवलेल्या या गावात 1740च्या सुमारास रघुजी भोसल्यांचा जम बसला. दरबार आला की मानाची वस्त्रं आली, लग्नकार्यातले आहेर आले, आणि विणणाऱ्यांच्या हाताला काम आलं. नागपूर, उमरेड, भंडाऱ्याकडचं पवनी, इथल्या कोष्ट्यांचं बारीक सूत आणि रेशमी काठाची धोतरं-लुगडी पुढे इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही नोंदली गेली. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाची करवती साडी आजही विणतात. काठाची नक्षी करवतीच्या दातांसारखी, म्हणून करवती. दोन काठांचे दोन धोटे आणि मधल्या अंगाचा तिसरा. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जायचा. म्हणून तो काठ वेगळा जोडलेला नसतो, कापडातच उगवलेला असतो. घाईचं कामच नाही ते.

त्याच काळात फ्रान्स देशात काय चाललं होतं, तेही ऐका, कारण त्यांचा धागा आपल्यापर्यंत येतो. तिथल्या दरबारी बाया कमरेला वेताचा किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांचा सांगाडा बांधत आणि त्यावर रेशमी घागरा पसरत. घागरा दोन्ही बाजूंना एवढा रुंद की दारातून आडवं होऊन जावं लागे. केसांचे उंच मनोरे बांधायचे आणि त्यावर गव्हाच्या सत्त्वाची पांढरी भुकटी मारायची. बाहेर गरिबाला पाव मिळत नाही आणि इथे गहू डोक्यावर, म्हणून लोक चिडत. मला तर हे वाचताना आपला कासोटा फार शहाणा वाटला.

आपलं कापड मात्र त्यांना वेड लावत होतं. भारतातून जाणारी छापील सुती छीट तिथे इतकी खपायला लागली की तिथल्या रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा धोक्यात आला. सरकारनं 1686 साली तिच्यावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत चालली. बाया तरीही चोरून घालत. पुढे 1783 साली राणी मारी आंत्वानेतचं एक चित्र प्रदर्शनात लागलं. त्यात तिनं सांगाडा काढून साधा पांढऱ्या मलमलीचा झगा घातला होता. लोक खवळले, राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणाले. रेशीम विणणाऱ्यांचं दुखणं वेगळंच होतं: राणी सुती नेसायला लागली तर आमचं रेशीम कोण घेणार? चित्र उतरवावं लागलं आणि त्या जागी रेशमी झग्यातलं दुसरं लावलं. एका बाईनं काय नेसावं यावर किती जणांचं पोट आणि किती जणांची नजर असते, बघा.

पण त्या देशातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट राणीची नाही, शिवणाऱ्या बायांची आहे. पॅरिस शहरात कपडे शिवायचा हक्क पुरुष शिंप्यांच्या संघाकडे होता. बाया लपूनछपून शिवत, पकडलं तर माल जप्त. 1675 साली राजानं त्यांना स्वतःचा संघ काढायची परवानगी दिली. बायांचे आणि लहान मुलांचे कपडे त्या उघडपणे शिवू लागल्या. कारभारी बायाच, शिकाऊ मुली घेणाऱ्या बायाच. लग्न न झालेल्या बाईलाही स्वतःच्या नावावर धंदा करता येई. अठराव्या शतकात तो शहरातल्या मोठ्या संघांपैकी एक झाला.

आपल्याकडे मागावर बसणारा पुरुष विणकर म्हणवला गेला. सुताच्या कांड्या भरणं, ताणा लावायला मदत करणं, सुताला खळ देणं, हे घरातल्या बाईनं केलं आणि ते घरकामात धरलं गेलं. धोटा चालतो कांडीवर. कांडी भरली नाही तर माग थांबतो. तरी मजुरी हातात आली ती विणणाऱ्याच्या. महेश्वरला अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, तिथेही बराच काळ माग पुरुषांचाच. 1978च्या सुमारास होळकर घराण्यातल्या माणसांनी तिथे रेवा सोसायटी काढली आणि बायांना मागावर बसवलं, तेव्हा बाई विणकर म्हणून मजुरी घ्यायला लागली.

हे मी सांगते कारण आपल्या गटांत आता साड्यांना काठ लावणं, फॉल-पिको, कापडी पिशव्या असली कामं सुरू आहेत आणि भाव ठरवताना आपण कापड, दोरा, मशीनची वीज एवढंच धरतो. पिशवी बेतणारी सासू, धागे कापणारी जाऊ, संध्याकाळी बटण लावणारी पोरगी, त्यांची वेळ कुठेच लिहिली जात नाही.

समजा एका पिशवीला तुमचे चाळीस मिनिटं लागतात आणि घरच्या दोघींचे मिळून वीस. पिशवी एका तासाची झाली. भाव चाळीस मिनिटांचा लावला तर त्या दोघी फुकट राबल्या, आणि व्यापाऱ्याला वाटतं आमची पिशवी स्वस्तातच होते. पुढच्या बैठकीला येताना वहीत एक रकाना वाढवून आणा, ‘घरच्यांची वेळ’. आठवडाभर मिनिटं लिहा, नावासकट. दर आपण त्या वहीवरून बसवू.