क्लच धरतो की थरथरतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधीचं निदान

‘क्लच एकदम धरतोय? प्लेट टाकून घ्या.’ ट्रकवाल्याला हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, धंद्याचा दिवस जातो, आणि दोष दुसरीकडे असेल तर नवी प्लेटही तशीच झटके मारते. संशोधनाच्या तयारीसाठी हे उदाहरण मला फार आवडतं. लक्षण एक, कारणं चार-पाच, आणि आत बघणं महाग. मग न उघडता कुठवर पोचता येईल?

आधी तक्रार नीट ऐकून घ्या. पेडल सोडताना एकच झटका बसून गाडी पुढे उडी मारते, की अर्ध्या क्लचवर सगळी केबिन थरथरते? ड्रायव्हर दोन्हींना ‘क्लच धरतो’च म्हणतो, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एकच झटका असेल तर पेडलपासून प्लेटपर्यंत हालचाल सलग पोचते का ते बघायचं. चाकांना ओट लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, टाकीत हवा भरलेली हवी, इंजिन बंद. एकाने पेडल हळूहळू सोडायचं, दुसऱ्याने क्लच बूस्टरचा रॉड बघायचा. रॉड अडखळत, टप्प्याटप्प्याने परत येत असेल तर बूस्टर, पेडलची जोडणी किंवा फोर्कचा शाफ्ट अडकतोय; गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. रॉड सरळ येतो तरी झटका बसतो? मग संशय आत जातो: स्प्लाइनवर गंज चढून प्लेट सरकत नसेल, लायनिंगला तेल लागलं असेल. आणि हो, नुकतीच सिरॅमिक बटणांची प्लेट टाकली आहे का, हेही विचारा. ती मुळातच लवकर धरते. तिथे बिघाड नाही, निवड तशी आहे.

थरथर जास्त रंजक आहे. तिची दोन मुख्य कारणं. एक, घर्षणाचं: घसरण कमी होत जाताना लायनिंगचा घर्षणगुणांक वाढत असेल, तर छोटंसं कंपन विझण्याऐवजी वाढतं. दुसरं, आकाराचं: फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट वाकडी असेल तर इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला दाब कमी-जास्त होतो. बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात, कारण ड्राइव्हलाइनची स्वाभाविक वारंवारता साधारण 5 ते 20 हर्ट्झमध्ये असते आणि थरथर तिथेच जाणवते.

पण इंजिनचा वेग बदलला की दोन्ही वेगळी वागतात. 600 आरपीएम म्हणजे सेकंदाला 10 फेरे, 900 म्हणजे 15. त्याच गिअरमध्ये दोन्ही वेगांवर गाडी उचलून बघा. कंपन 10 वरून 15 हर्ट्झला गेलं तर आकाराचा दोष. जिथल्या तिथे राहिलं तर घर्षणाचा. थांबा, इथे एक फट आहे: इंजिनची माउंटिंग ढिली असली तरी कंपन आपल्याच ठरलेल्या वारंवारतेवर होतं. म्हणून माउंटिंग आधी डोळ्यांनी तपासा, मगच वरचा निष्कर्ष काढा.

मोजायला मोबाइल पुरतो. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्वरण नोंदवतं. सेकंदाला 100 नोंदी मिळाल्या तर 50 हर्ट्झपर्यंतचं कंपन दिसतं. आपल्याला तेवढं भरपूर. फोन केबिनच्या फरशीला घट्ट चिकटवा. पेडल पूर्ण दाबून आधी एक नोंद घ्या, कारण सहा सिलिंडरचं इंजिन 600 आरपीएमला ज्वलनाचं 30 हर्ट्झ दाखवणारच. ते क्लचच्या खात्यात टाकू नका.

अर्धा क्लच दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. प्लेट तापली की घर्षण बदलतं, म्हणजे मोजताना तुम्ही मोजायची गोष्टच बदलता. दोन चाचण्यांमध्ये सारखाच वेळ जाऊ द्या. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी सकाळी धरत असेल आणि पाच-सहा उचलींनंतर सुधारत असेल, तर तो फ्लायव्हीलवरचा हलका गंज असू शकतो.

एवढं करूनही गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर फिटरने फडकं मारण्याआधी फोटो काढा. तेल फ्लायव्हीलच्या बाजूला आहे की इनपुट शाफ्टच्या? गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. कुठलं सील गळतंय ते त्यावरून कळतं. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर तिथे उष्णतेने पृष्ठभाग बदललाय. त्यावर नुसती नवी प्लेट चढवू देऊ नका.