बागेची जागा कोण राखणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिरज म्हटले की दोन गोष्टी लगेच आठवतात. एक तंतुवाद्ये आणि दुसरी दवाखाने. ‘बाग’ हा शब्द मात्र मिरजेच्या नावाला जोडून सहसा येत नाही. आज मला त्याच विषयावर बोलायचे आहे. शहरातली बाग, मैदान किंवा मोकळी जागा येते कुठून? ती कागदावर कशी तयार होते आणि कोणाला पत्ता न लागता कधीकधी नाहीशी कशी होते? हे समजून घेतले तर आपल्या हाती काय आहे तेही कळेल.

सुरुवात दवाखान्यांपासूनच करू. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिरजेत रुग्णालय उभारले आणि या गावाला नवी ओळख मिळाली. पुढे सांगली आणि मिरज यांच्या मध्ये, ज्या भागाला आपण वानलेसवाडी म्हणतो तिथे, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ साली लागला. तोवर क्षयावर नेमके औषधच नव्हते. विश्रांती, सकस आहार, ऊन आणि मोकळी हवा हाच उपचार. म्हणून तिथे खाटांइतकीच मोकळ्या आवाराला आणि झाडांना किंमत होती. आज औषधे आली, पण रोग्यासोबत आलेल्या माणसाचे काय? कर्नाटकातून, कोकणातून, जत-आटपाडीकडून रोज माणसे मिरजेला येतात. आत एकाला प्रवेश मिळतो, बाहेर तिघे थांबतात. ते कुठे बसतात ते आपण पाहतोच: फुटपाथवर, जिन्यात, बंद दुकानाच्या पायरीवर. मिरजेत बाग कोणाला हवी, असे कोणी विचारले तर मी आधी या माणसांकडे बोट दाखवीन. सकाळी फिरायला जाणारे आम्ही म्हातारे त्यांच्यानंतर.

पूर्वी गावात ‘सार्वजनिक उद्यान’ असे काही नसे, पण मोकळ्या जागा असत. सांगलीला संस्थानकाळापासूनची आमराई आहे. मिरजेला गणेश तलावाचा काठ आहे, कृष्णाघाट आहे. मिरासाहेबांच्या दर्ग्याचे आवार आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांचे दफन याच दर्ग्यात झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते ते आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली. मोठमोठ्या गवयांनी तिथे हजेरी लावली आहे. एक झाड आणि त्याखालची जागा गावाला काय देऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. या जागा राखल्या कोणी? कुठे संस्थानाने, कुठे देवस्थानाने, तर कुठे नुसत्या रिवाजाने. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. गावे वाढली, जमिनीला भाव आला आणि रिवाज पुरेना. मग कायद्याची गरज पडली.

हा कायदा म्हणजे १९६६ सालचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. या कायद्याने प्रत्येक शहराला विकास आराखडा करावा लागतो. शाळा, मंडई, दवाखाना, रस्ता यांच्यासारखीच बागेची आणि मैदानाची जागा त्या नकाशावर दाखवतात. यालाच आपण ‘आरक्षण पडले’ असे म्हणतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे नाही. जमीन मूळ मालकाचीच राहते. महापालिकेने ती ताब्यात घ्यायची असते, पैसे देऊन किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपण ज्याला टीडीआर म्हणतो, तो देऊन.

आता या कायद्याचे कलम १२७ पाहू. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. ती वाढत गेली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिन्यांची झाली. हे कलम अन्यायाचे नाही. एखाद्या शेतकऱ्याची तीस गुंठे जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची, ना पैसे द्यायचे ना घर बांधू द्यायचे, हे योग्य कसे म्हणता येईल? खोट मालकाच्या नोटिशीत नाही. ती नोटीस कार्यालयात आली आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही, तिथे आहे. एक फाईल दोन वर्षे टेबलावर राहिली, तर बाग कोणी न तोडताच संपते.

मोकळ्या जागेचा दुसरा प्रकार आपल्या घराजवळचा आहे. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे असतील, तर साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीला हा नियम लागतो. हिशेब सोपा आहे. चार एकरांचे लेआउट असेल तर १६० गुंठ्यांपैकी १६ गुंठे जागा खुली राहिली पाहिजे. तिथे ठरावीक मर्यादेत व्यायामशाळा, वाचनालय असे छोटे बांधकाम चालते, पण ती जागा विकता येत नाही. आपल्या कॉलनीत ती ‘ओपन स्पेस’ म्हणून ओळखली जाते. तिचे पुढे काय होते? पहिल्या वर्षी बाभळी उगवतात. दुसऱ्या वर्षी शेजारचा माणूस वाळू टाकतो. तिसऱ्या वर्षी एक पत्र्याची शेड येते. कोणी देऊळ बांधतो आणि मग त्याला नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. ज्या जागेवर सगळ्यांचा हक्क असतो, तिची राखण कोणीच करत नाही.

या बाबतीत एक जुना निकाल दवाखान्यांच्या गावाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. बंगळूरमध्ये एका वसाहतीतला बागेसाठी राखलेला भूखंड एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आला. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. दवाखाना चांगला की वाईट, हा तिथे प्रश्नच नव्हता. लोकांच्या वापरासाठी राखलेली मोकळी जागा खासगी कामाला देता येत नाही, असा तो मुद्दा होता. बाग ही चैन नसून शहराच्या आरोग्याचा भाग आहे, ही दृष्टी या निकालामागे आहे.

शहराला किती जागा लागते? केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. माणशी दहा चौरस मीटर धरले तर पन्नास लाख चौरस मीटर, म्हणजे ५०० हेक्टर होतात. आकडा मोठा वाटतो. पण महापालिकेचे क्षेत्र सुमारे ११८ चौरस किलोमीटर आहे, त्याच्या तुलनेत हा भाग जेमतेम सव्वाचार टक्के येतो. जागा नाही, हे कारण म्हणूनच टिकत नाही.

आणि काही जागा तर नदीनेच राखून ठेवली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. जलसंपदा खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घरे बांधायची नाहीत. बागा, मैदाने, हलकी पिके अशा मोकळ्या वापरासाठीच ती जमीन ठेवायची, असे शासनाचे धोरण १९८९ पासून आहे. म्हणजे पूररेषा ही नुसती मनाई नाही, ती बागेची निमंत्रणपत्रिकाही आहे. बागेत पाणी शिरले तर चार बाकडी आणि गाळ साफ करावा लागतो. घरात शिरले तर आयुष्याची कमाई जाते.

जगात हे कोणी केले आहे का? स्पेनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तिथल्या तुरिया नदीला महापूर आला, ऐंशीच्या वर माणसे दगावली. तेव्हा शहराच्या दक्षिणेकडून नवे पात्र खोदून नदी तिकडे वळवली गेली. गावाच्या मधोमध जुने पात्र कोरडे राहिले. सरकारच्या मनात तिथून मोठा महामार्ग न्यायचे होते. नागरिकांनी आवाज उठवला, हे पात्र आमचे आहे आणि ते आम्हाला हिरवे हवे आहे. १९७६ साली ती जागा शहराला मिळाली आणि १९८० च्या दशकात टप्प्याटप्प्याने तिथे बाग होऊ लागली. आज जुन्या पुलांच्या खालून जाणारी सुमारे नऊ किलोमीटर लांबीची ती बाग शहराचे भूषण आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या भागात पुन्हा भयंकर पूर आला. नव्या पात्रामुळे मुख्य शहर बरेचसे वाचले, पण त्याच्या दक्षिणेकडच्या, ओढ्याकाठी दाट वस्ती झालेल्या गावांत हाहाकार उडाला. त्या पुरात दोनशेच्या वर माणसे गेली. बाग असावी आणि पाण्याला जागाही असावी, एकीने दुसरीचे काम भागत नाही. आपल्याला तर कृष्णा वळवायची नाही. तिच्या काठची जागा मोकळी ठेवायची आहे, एवढेच.

बाग म्हणजे कारंजे, रंगीत दिवे आणि हिरवळ, अशी आपली समजूत झाली आहे. हिरवळीला आपल्या उन्हाळ्यात रोज पाणी लागते आणि दुपारी तिच्यावर कोणी बसू शकत नाही. कडुनिंब, करंज, चिंच, वड ही झाडे चार-पाच वर्षे जपली की पुढे आपली आपण जगतात आणि सावली देतात. आपल्याच जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर सागरेश्वरचे अभयारण्य उभे राहिले. ते माणसाने लावलेले जंगल आहे. डोंगरावर जे जमले ते गल्लीतल्या सोळा गुंठ्यांवर जमणार नाही असे नाही. आणि असलेली झाडेही सांभाळली पाहिजेत. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे.

मग आपण काय करावे? तीन साधी कामे आहेत. आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा नगररचना विभागात जाऊन पाहावा आणि बागेची, मैदानाची आरक्षणे कुठे आहेत ते वहीत लिहून घ्यावे. आपल्या कॉलनीच्या मंजूर लेआउटची नक्कल काढावी. नाही मिळाली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच. आरक्षणातल्या बदलाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली, तर ती बारीक अक्षरातली म्हणून सोडून देऊ नये. हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते आणि साध्या कागदावर सही करून दिलेली हरकतही नोंदवून घ्यावी लागते. चार घरांनी मिळून एवढे केले, तरी पुष्कळ आहे. आणि त्या मोकळ्या जागेवर वाळूचा ढीग पडायच्या आधी दोन कडुनिंब लावून टाकावेत. झाड उभे असले की जागा रिकामी आहे असे कोणाला म्हणता येत नाही.