रेकॉर्डिंगच्या फाइलला नाव द्या, गिऱ्हाईक टिकवा

निकाह, वलीमा, उरुसातील कव्वाली, नातिया मुशायरा, शाळेचे संमेलन अशा कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग करून देणे हा मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांसाठी चांगला जोडधंदा आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या गावात राहूनही सोलापूर, अक्कलकोट, हैद्रा इथली कामे घेता येतात. चार-सहा माइकचा आवाज वेगवेगळा टिपणारे मल्टिट्रॅक रेकॉर्डर आता हातात मावतात.

परंतु मशीन घेतले म्हणजे धंदा जमला असे नाही. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "त्या दिवशी अब्बांनी नातशरीफ पढली होती, ती द्या. अब्बा आता राहिले नाहीत." त्या वेळी फाइल सापडली नाही तर पैसे परत करूनही भागत नाही. हा माल दुसऱ्या दुकानात मिळत नाही.

गोंधळ कोठे होतो?

मशीन फाइलला स्वतःच नाव देते. उदाहरणार्थ, झूम कंपनीचे एच-६ हे मशीन 'झूम ०००१' असे फोल्डर करते आणि त्यात प्रत्येक माइकची फाइल ट्रॅक क्रमांकासह ठेवते. कोरे कार्ड घातले की आकडा पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. मग निकाहही ०००१ आणि कव्वालीही ०००१! दोन्ही कार्डे एकाच जागी उतरवताना कॉम्प्युटर विचारतो, जुनी फाइल बदलू का? घाईत 'हो' दाबले की पहिले काम गेले.

रंगवलेल्या सुताच्या गाठीला लॉटची चिठ्ठी नसेल तर चादरीत रंगाचा पट्टा पडतो, हे सोलापूरच्या विणकराला सांगायला नको. फाइलचे नाव ही तीच चिठ्ठी आहे.

नाव कसे द्यावे?

क्रम असा ठेवावा: वर्ष, महिना, दिवस, गाव, प्रसंग, कितवे गाणे, कोणता माइक. समजा १२ फेब्रुवारी २०२५ ला वळसंगला कव्वाली झाली, तर नाव होईल: '२०२५-०२-१२_वळसंग_कव्वाली_०३_ढोलक'. वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ३ ऐवजी ०३ लिहावे, नाहीतर अनेक मशीन १ नंतर २ न लावता १० लावतात. प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत द्यावे, कारण मशीनच्या छोट्या पडद्यावर मराठी अक्षरे बहुधा दिसत नाहीत. तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम नावात चालत नाहीत.

माइकचा क्रम कायमचा ठरवून टाकावा. १ मुख्य कव्वाल, २ साथीदार, ३ हार्मोनियम, ४ ढोलक. दर कार्यक्रमाला क्रम बदलला तर मिक्सिंग करणारा चाचपडत राहतो.

नाव कार्डावर बदलू नये. आधी फोल्डर सबंध कॉम्प्युटरवर उतरवावे, मग तिथे बदलावे. कार्डावरच बदल केल्यास मशीन ते काम पुन्हा उघडेलच असे नाही.

चार सवयी

पहिली, कार्यक्रमाआधी मशीनमधील तारीख-वेळ पाहावी. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली तर घड्याळ मागे जाते.

दुसरी, सुरुवातीला माइकवर तोंडी बोलावे: "आज अमुक तारीख, वळसंग, कव्वाली, पहिले गाणे." नाव पुसले गेले तरी आवाजातली ही चिठ्ठी राहते.

तिसरी, वही ठेवावी. तारीख, गिऱ्हाईक, कलाकार, फाइलचे नाव, काय द्यायचे ठरले, किती पैसे आले, सगळे एका ओळीत. गाणाऱ्याने ध्वनिफीत इतरांना द्यायला परवानगी दिली की नाही, तेही लिहावे.

चौथी, दोन ठिकाणी नक्कल होऊन ती ऐकून पाहिल्याशिवाय कार्ड कोरे करू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका माइकचे एका तासाला सुमारे ५२० एमबी होतात. चार माइकचे सुमारे २ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साधारण १५ तास मावतात. जागेसाठी घाई करण्याचे कारण नाही. लांब मैफलीत मशीन फाइलचे तुकडे करते. त्यांचा क्रम मोडू देऊ नये.

नोंदीची किंमत

हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. ओवी कोणाची, गाव कोणते, याची नोंद तेव्हाच ठेवली गेली. म्हणून आज पारी या संस्थेच्या संग्रहात ओवी ऐकताना गाणारीचे नाव आणि गावही कळते. नोंद नसती तर नुसता आवाज उरला असता.

आपले काम लहान असेल, पण नियम तोच. घरी परतल्यावर त्याच रात्री अर्धा तास फाइलींना द्यावा. उद्यावर टाकलेले नाव बहुधा राहूनच जाते.