थट्टा आणि तिचा धनी

विडंबन म्हटले की आपणां मराठी वाचकांना आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात. त्या कविता वाचून वाचक हसला, कारण ज्या कवींची लकब अत्र्यांनी उचलली ते कवी त्याच्या परिचयाचे होते. मूळ ठाऊक नसेल तर विडंबन हा नुसता पोरकटपणा वाटतो. हा नियम चित्रपटाच्या विडंबनालाही कसा लागू पडतो, हे 'रोबोट चिकन' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या एका भागावरून पाहता येईल.

सेथ ग्रीन व मॅथ्यू सेनराइक यांनी निर्माण केलेली ही मालिका २००५ साली सुरू झाली. तिच्या शीर्षकदृश्यात एक माथेफिरू शास्त्रज्ञ रस्त्यावर मरून पडलेली कोंबडी उचलून आणतो, यंत्रे जोडून तिला जिवंत करतो आणि खुर्चीला जखडून दूरचित्रवाणी-संचांच्या भिंतीसमोर बसवतो. पुढचे तुटक, विसंगत प्रवेश म्हणजे तिच्या डोळ्यांसमोरून सरकणारे कार्यक्रम! ती कोंबडी म्हणजे आपण प्रेक्षकच, हे वेगळे सांगावयास नको.

यातील पात्रे म्हणजे बाहुल्या. बाहुलीचा हात किंचित हलवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे लागतात. एक स्थिती दोन चित्रे टिकवली तरी मिनिटाभराच्या हालचालीसाठी ७२० वेळा बाहुली हलवावी लागते. क्षणभराच्या हशामागे केवढी ही चिकाटी!

१७ जून २००७ रोजी दाखविलेला विशेष भाग संपूर्णपणे 'स्टार वॉर्स'वर बेतलेला होता. जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या मूळ चित्रपटात दुष्ट साम्राज्याचे ग्रहाएवढे भासणारे युद्धकेंद्र एका लहानशा छिद्रातून नेम साधून उडवले जाते. चित्रपट तेथे विजयोत्सवाकडे वळतो. विडंबनकार मात्र पराभूतांकडे वळतो. सम्राटाला दूरध्वनीवरून ही वार्ता समजते आणि तो चिडतो तो एखाद्या कर्जबाजारी घरमालकासारखा: अजून तर त्याचे पैसेही फिटले नव्हते, आता नवे बांधायला कर्ज कोण देणार! आकाशव्यापी सत्ता क्षणात हप्त्यांच्या विवंचनेवर येते. हसू येते, आणि मूळ कथेने कधी न विचारलेला प्रश्नही मनात उभा राहतो: या भव्यतेचा खर्च कोणी सोसला?

येथे एक आक्षेप संभवतो. हा भाग लुकास यांच्या संमतीने झाला; त्यातील आपल्याच बाहुलीला त्यांनी स्वतः आवाज दिला. मूळ चित्रपटातील नायक मार्क हॅमिल यांनीही आपल्या भूमिकेला आवाज दिला. ज्याची थट्टा करायची त्याच्याच ओसरीवर बसून केलेली थट्टा कितपत खरी?

आक्षेप खोटा नाही. धन्याच्या परवानगीने घेतलेला चिमटा रक्त काढीत नाही. उलट मूळ मालाची जाहिरातच होते. राजसत्तेवरील उपहासाने अशी परवानगी मागितली तर तो उपहास उरणार नाही. परंतु प्रत्येक विडंबन शस्त्रच असले पाहिजे असे नाही. लहानपणी ज्या कथेवर जीव जडला, तिच्यातील उणिवा मोठेपणी हसत-हसत दाखविणे हीही एक प्रकारची समीक्षाच होय. ती शत्रूची नव्हे, घरच्या माणसाची.

मात्र घरचा माणूस कोठवर बोलतो आणि कोठे गप्प बसतो, हे ओळखण्याची जबाबदारी प्रेक्षकाची. नाहीतर आपली गत त्या जखडलेल्या कोंबडीसारखी व्हायची!